जुळारी, तांबट आणि इतिहास
कै. अ. का. प्रियोळकर यांच्या ग्रंथाची शिकवण

शेताचा बांध कोणी कोरला तर शेतकरी तलाठ्याकडे धांव घेतो. तेथें त्यास पहिला प्रश्न विचारतात तो हा कीं, कागद आहे काय ? सात पिढ्या जमीन कसली, आजा-पणजा त्याच मातींत गेला, सारा गांव साक्षीस उभा आहे. परंतु कागद नसेल तर सगळें बोलणें फुकट. जी गोष्ट बांधाची तीच समाजाची. ज्या समाजानें आपला कागद जपला नाहीं, त्याच्या वाडवडिलांचें कर्तृत्व दुसऱ्याच्या खात्यावर चढतें, आणि मग "विद्येच्या कामीं तुमच्या लोकांनीं केलें तरी काय ?" असा प्रश्न त्यासच उलट ऐकावा लागतो. आमच्या हाताखालून शिकून शहरांत गेलेल्या मुलांस हा प्रश्न ऐकावा लागला आहे. त्याचें उत्तर रागानें देतां येत नाहीं. पुराव्यानें देतां येतें. तो पुरावा एका विद्वानानें आयुष्य वेंचून गोळा करून ठेवला आहे, हें मात्र आमच्यांतील फार थोड्यांस ठाऊक आहे. त्या विद्वानाचें नांव अनंत काकबा प्रियोळकर.

प्रियोळकरांचा जन्म ५ सप्टेंबर १८९५ रोजीं गोव्यांतील प्रियोळ ह्या गांवीं झाला, आणि १३ एप्रिल १९७३ रोजीं त्यांचें निधन झालें. पोर्तुगीज अंमलांतल्या खेड्यांत जन्मलेला हा मुलगा धारवाडास शिकून बी. ए. झाला, मुंबईंत नगरपालिकेच्या नोकरींत राहिला, आणि कचेरीच्या वेळेबाहेर जुन्या पोथ्या व जुने छापील कागद यांच्या मागें लागला. १९३५ सालीं त्यांनीं रघुनाथ पंडिताच्या 'दमयंती-स्वयंवरा'चीं हस्तलिखितें एकमेकांशीं ताडून पाहून शुद्ध पाठाची आवृत्ति काढली. १९४७ सालीं दादोबा पांडुरंग यांचें आत्मचरित्र, चरित्राची जोड देऊन, उजेडांत आणलें. १९४८ सालीं मुंबईंत मराठी संशोधन मंडळ निघालें, त्याचें संचालकपण त्यांच्याकडे आलें. १९५१ सालीं कारवारास भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. याशिवाय मुक्तेश्वराच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ति, गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा १९६१ सालचा इंग्रजी ग्रंथ, परमहंस सभेवरचें १९६६ सालचें पुस्तक, डॉ. भाऊ दाजी यांचें चरित्र, असा त्यांचा पसारा मोठा आहे. पण आज आम्ही बोलणार आहोंत तें त्यांच्या एकाच ग्रंथाविषयीं. तो ग्रंथ म्हणजे १९५८ सालीं मराठी संशोधन मंडळानें प्रसिद्ध केलेला 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया'. हिंदुस्थानांत छापखाना येऊन १९५६ सालीं चारशें वर्षें भरलीं, त्या निमित्तानें तो लिहिला गेला.

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह यांची यादी, असा आमच्या मुलांचा समज असतो, व क्रमिक पुस्तकें तो समज पक्का करितात. प्रियोळकरांच्या ह्या ग्रंथांत बादशहा आणि गव्हर्नर कडेकडेनें येऊन जातात. मध्यें उभे आहेत ते पोलादावर अक्षर कोरणारे, शिशाचे खिळे ओतणारे, शाई घोटणारे आणि खिळे जुळविणारे लोक. म्हणून आम्हांस हा ग्रंथ आमच्या घरचा वाटतो.

आतां त्यांत सांगितलेली हकीकत थोडक्यांत पाहूं. आपल्या देशांत पहिला छापखाना ६ सप्टेंबर १५५६ रोजीं गोव्याच्या बंदरांत उतरला. तो आपल्याकरितां आलाच नव्हता ! पोर्तुगालहून निघालेले जेझुइट पाद्री तो अबिसीनियास नेत होते. तिकडचा बेत फिसकटला आणि छापखाना गोव्यासच राहिला. त्याच्याबरोबर जुआन द बुस्तामांते नांवाचा मुद्रक होता. त्याच वर्षीं छपाईस आरंभ झाला. १५५७ सालीं सेंट झेवियरची धर्मशिक्षणाची पुस्तिका छापली गेली. १५६३ सालीं गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याचा, हिंदुस्थानांतील वनस्पति व औषधें यांवरचा मोठा ग्रंथ तेथेंच छापून निघाला. तो आजही जगांत मान्यता पावलेला आहे. परंतु ह्याच गोव्यांत १५६० सालीं इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायासन बसलें, आणि त्याच ओर्ताचीं हाडें, त्याच्या मृत्यूनंतर, १५८० सालीं थडग्यांतून उकरून काढून जाळण्यांत आलीं. ज्या शहरांत ग्रंथ छापला, त्याच शहरांत ग्रंथकाराचीं हाडें जाळलीं. छापखाना आला कीं ज्ञानाचा उजेड आपोआप पडतो, असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां आपल्या भाषेचें काय झालें तें पाहा. तमिळ लोकांकरितां त्या पाद्र्यांनीं तमिळ अक्षरांचे खिळे पाडले, आणि २० ऑक्टोबर १५७८ रोजीं कोल्लम येथें सोळा पानांचें तमिळ पुस्तक छापून बाहेर पडलें. देशी लिपींत छापलेलें, आज उपलब्ध असलेलें हें पहिलें पुस्तक. मराठीच्या वांट्यास हें भाग्य आलें नाहीं. टॉमस स्टीफन्स नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें मराठी ओवींत सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' रचलें, आणि तें १६१६ सालीं साष्टींतील राशोल येथें छापलें. भाषा मराठी, छंद ज्ञानोबा-एकनाथांचा, पण अक्षरें मात्र रोमन ! स्टीफन्सची इच्छा तशी नव्हती. १६०८ सालीं त्यानें आपल्या वरिष्ठांस पत्र लिहून देशी अक्षरांचे ठसे पाडण्याची परवानगी मागितली होती. रोमन लिपीचें काम चोवीस अक्षरांत भागतें, आपल्या लिपीस सहाशें सांचे लागतात. पण युक्ति केली तर ते दोनशेंवर आणतां येतील, असा हिशेबही त्यानें त्यांत दिला होता. प्रियोळकरांनीं तें पत्र आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. तें काम झालें नाहीं. पुढें २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, रयतेनें तीन वर्षांच्या आंत आपली मायबोली टाकून पोर्तुगीज बोलावें. त्याच शतकांत गोव्यांतील छपाई बंद पडली, ती पुन्हां सुरू झाली १८२१ सालीं.

म्हणजे काय झालें ? यंत्र घरांत होतें, पण शेजारच्या कुणब्याच्या पोरास त्याचा कांहीं उपयोग नव्हता. मोट बांधली, बैल जुंपले, आणि पाणी मात्र दुसऱ्याच्या पाटांत सोडलें, त्यांतलाच हा प्रकार. ज्याच्या हातीं यंत्र त्याच्या मर्जीनें अक्षर चालतें, हा ह्या कथेचा पहिला धडा.

दुसरा धडा सुरतेच्या भीमजी पारेखाचा आहे. हा मोठा सावकार व कंपनीचा दलाल. आपले जुने ग्रंथ छापावे असें त्याच्या मनानें घेतलें. त्यानें कंपनीच्या मागें लागून विलायतेहून छापण्याचें साहित्य व माणूस मागविला. १६७४ सालीं हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक मुंबईस येऊन दाखल झाला. यंत्र आलें, कागद आला, पैसा तर होताच. पण हिल्स हा छापणारा होता. अक्षरें कोरून ओतणारा नव्हता. देशी अक्षरांचे खिळे त्याच्यानें होईनात, आणि भीमजीचा मनोरथ तसाच राहिला. यंत्र विकत मिळतें. कारागिराचा हात विकत आणून चालत नाहीं, तो आपल्या मातींत तयार व्हावा लागतो.

तो हात कोठें तयार झाला ? पंडितांच्या पाठशाळेंत नव्हे. तो झाला लोहाराच्या भट्टीशीं आणि तांबटाच्या आळींत. बंगाल्यांत १७७८ सालीं हुगळी येथें हॅल्हेडचें बंगाली व्याकरण छापलें, त्यांतील बंगाली अक्षरांच्या कामीं चार्ल्स विल्किन्सच्या हाताखालीं पंचानन कर्मकार नांवाचा कारागीर होता. कर्मकार म्हणजे लोहार. तोच पुढें श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांत गेला, आणि तेथें त्यानें नागरी अक्षरेंही पाडलीं. त्याच्यामागें त्याचा जांवई मनोहर ह्यानें तो धंदा चालविला. १८०५ सालीं श्रीरामपुरास विल्यम केरीचें मराठी व्याकरण छापून निघालें. १८१० सालीं त्याचाच मराठी कोश मोडी खिळ्यांत निघाला. मराठी अक्षर ओतीव खिळ्यांनीं छापलें गेलें तें असें बंगाली लोहाराच्या हुन्नरावर ! आमच्या शाळांत केरीचें नांव क्वचित् ऐकूं येतें. पंचाननाचें कोण घेतो?

इकडे महाराष्ट्रांत काय चाललें होतें ? नाना फडणिसांच्या मनांत गीता छापण्याचें होतें, व त्याकरितां पुण्यांत एका तांबटास धरलें होतें. नानांच्या मृत्यूनंतर तें काम मिरजेच्या पटवर्धनांनीं हातीं घेतलें, आणि १८०५ सालीं तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता मिरजेस छापली गेली. तिकडे तंजावरास सरफोजी राजांनीं आपल्या पदरीं छापखाना ठेवून १८०६ सालीं 'बालबोधमुक्तावलि' हें इसापाच्या गोष्टींचें मराठी पुस्तक छापलें. मुंबईंत १७८० सालचें कॅलेंडर छापणारा रुस्तुम केरेसास्पजी हा पारशी. १७९७ सालीं 'बॉम्बे कुरिअर' पत्रासाठीं गुजराती अक्षरें कोरणारा बेहरामजी जिजिभाई हाही पारशी, आणि त्याच्या घराण्यास पुढें छापगर हेंच आडनांव पडलें. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम याच्या हाताखालीं अक्षरें कोरण्याची विद्या शिकून निष्णात झालेला जीवनवल्लभ हाही कारागीरच. ह्या सर्वांचीं नांवें प्रियोळकरांनीं शोधून ओळीनें मांडलीं आहेत.

आणि आतां ऐका गणपत कृष्णाजीची गोष्ट. हा भंडारी जातीचा मनुष्य. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम करितां करितां त्यानें ही विद्या डोळ्यांनीं उचलली. मग स्वतःच खटपट करून दगडावर अक्षर उमटविण्याचे प्रयोग केले, आपल्या हातानें शिळाछापाचें यंत्र उभें केलें, शाई तयार केली, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून बाजारांत आणलें. त्या काळीं सोंवळे लोक छापील कागदास हात लावीत नसत. शाईंत चरबी असते, ही त्यांची तक्रार. गणपत कृष्णाजीनें शाईंत चरबीच्या जागीं तूप घातलें आणि ती तक्रारच मोडून काढली, असें सांगतात. ज्यास पंचांग वाचून दाखविण्याचा अधिकार नव्हता, त्यानें पंचांग घरोघर पोंचविलें ! ह्याहून मोठी विद्येची सेवा ती कोणती ? पुढें त्यानें ओतीव खिळ्यांचाही छापखाना घातला, आणि त्याच्या छपाईचा सुबकपणा नांवाजला गेला.

त्याच मिशनच्या छापखान्यांत पुढें एक गरिबाचा पोर वयाच्या दहाव्या वर्षीं दरमहा दोन रुपयांवर कामास लागला. त्याचें नांव जावजी दादाजी. १८६४ सालीं त्यानें खिळे ओतण्याचा स्वतंत्र कारखाना काढला, आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या छापखान्याच्या नागरी अक्षरांत संस्कृत काव्यें, नाटकें व शास्त्रग्रंथ छापले गेले, आणि ते काशीपर्यंतच्या पंडितांनीं हातीं धरले. पाठांतराच्या शाळेंत ज्यास कोणी बसूं दिलें नसतें, त्याच्या कारखान्यांतून शास्त्र्यांच्या मांडीवर ग्रंथ गेले. हाताच्या कांकणास आरसा कशाला ?

नागरी अक्षर ओतणें म्हणजे काय काम आहे, हें ज्यानें छापखाना पाहिला नाहीं त्यास कळावयाचें नाहीं. इंग्रजी अक्षरास डोक्यावर मात्रा नाहीं, पायांत उकार नाहीं, जोडाक्षर नाहीं. आपल्या एका 'क'चींच रूपें मोजा : का, कि, की, कु, कू, के, कै, शिवाय क्त, क्ष, क्र, क्व. प्रत्येकाचा वेगळा ठसा पोलादावर उलटा कोरावयाचा, तो तांब्यांत ठोकून सांचा करावयाचा, त्यांत शिसें ओतून खिळा काढावयाचा, तो घांसून दुसऱ्या खिळ्याशीं उंचीनें बरोबर करावयाचा. केंसाइतका फरक पडला तर ओळ वांकडी दिसते. बंगाल्यांत अक्षरें मात्रांसह अखंड ओतीत. मुंबईंत अक्षर निराळें, मात्रा व उकार निराळे ओतून एकावर एक जुळविण्याची रीत पडली, तीस डिग्री टाइप म्हणत. ह्या रीतींतून मुंबईचें नागरी अक्षर सुंदर झालें. हें डोकें व हें कौशल्य कोणाचें ? ज्यांस अडाणी म्हणून हिणविलें त्या कारागिरांचें. बुद्धि फक्त जिभेच्या टोंकावर असते आणि हाताच्या बोटांत नसते, हें ज्यांनीं ठरविलें त्यांनीं हा ग्रंथ एकदां वाचावा.

कोणी म्हणेल कीं, हें सर्व तुम्हीच ओढून आणीत आहां, प्रियोळकरांनीं कोठें आमचा कैवार घेतला आहे ? खरें आहे. त्यांनीं कोणाचाच कैवार घेतला नाहीं. त्यांनीं पुरावा घेतला. कोणत्या सालीं, कोणत्या ठिकाणीं, कोणीं काय छापलें, आणि तें कशावरून, एवढाच त्यांचा प्रश्न असे. पुराव्यानें लोहार पुढें आला तर लोहाराचें नांव लिहावें, राजा पुढें आला तर राजाचें लिहावें. असा इतिहासकार आम्हांस कैवाऱ्यापेक्षां अधिक उपयोगी. आणखी कोणी विचारील, हा गृहस्थ कोणत्या जातीचा ? त्या प्रश्नास आम्ही उत्तर देणार नाहीं. ग्रंथाची जात त्यांतल्या पुराव्यावरून ठरते.

त्यांच्या निःपक्षपाताचा एक दाखला देतों. कोंकणी ही मराठीची बोली आहे, असें प्रियोळकरांचें आग्रहाचें मत होतें, व त्यासाठीं ते आयुष्यभर भांडले. काळानें ह्या बाबतींत निराळा निकाल दिला. १९७५ सालीं साहित्य अकादमीनें कोंकणीस स्वतंत्र भाषा मानलें, १९८७ सालीं ती गोव्याची राजभाषा झाली, आणि १९९२ सालीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांत तिचा समावेश झाला. जे लोक आपल्या बोलीस भाषा म्हणतात, त्यांना ती बोलीच आहे असें वरून सांगण्याचा हक्क आम्हांस वाटत नाहीं. खेड्यांतल्या बोलीस अशुद्ध म्हणून हिणविलें गेल्याचा अनुभव आमच्या मुलांस पुरेसा आहे. तेव्हां ह्या वादांत आम्ही प्रियोळकरांच्या मागून जात नाहीं. पण गंमत पाहा. कोंकणीचा कैवार घेऊन कुन्य रिव्हार ह्या पोर्तुगीज विद्वानानें १८५८ सालीं एक मोठा निबंध लिहिला होता. त्या निबंधाचें इंग्रजी भाषांतर प्रियोळकरांनीं आपल्या ह्याच ग्रंथास जोडून छापलें ! विरुद्ध पक्षाची साक्ष स्वतःच्या दप्तरांत जपून ठेवणारे वादी किती आढळतात ?

दुसरा दाखला परमहंस सभेचा. जातिभेद मोडावा म्हणून १८४९ च्या सुमारास मुंबईंत निघालेली ही गुप्त मंडळी. तिचे लोक सर्व जातींच्या हातचें खात, आणि तें कोणास कळूं नये म्हणून जपत. १८६० सालीं तिच्या सभासदांच्या नांवांची यादी चोरीस गेली, आणि नांवें फुटणार ह्या धास्तीनें सभाच विरून गेली. एका कागदाच्या भीतीनें एक चळवळ संपली. आणि शंभर वर्षांनीं एका संशोधकानें कागद जुळवून तिचें चरित्र पुन्हां उभें केलें. कागदाचें सामर्थ्य दोन्हींकडून कसें असतें, तें यावरून समजावें.

आमची तक्रार प्रियोळकरांविषयीं एकच आहे, आणि तीही खरें पाहतां त्यांच्याविषयीं नव्हे. मराठी अक्षरांच्या जन्माची ही कथा त्यांस इंग्रजींत लिहावी लागली. जगांतल्या विद्वानांपर्यंत ती पोंचावी म्हणून तें योग्यच झालें. पण ज्या मुलांच्या पणज्यांनीं खिळे जुळविले, त्या मुलांपर्यंत ती सोप्या मराठींत नेण्याचें काम आमचें होतें, म्हणजे शिक्षकांचें होतें. ह्या ग्रंथांतील पंचानन, गणपत कृष्णाजी, जावजी दादाजी यांचे धडे चौथी-पांचवीच्या मुलांस सांगण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाहीं. मातीचा गोळा घेऊन त्यावर उलटें अक्षर कोरावयास मुलास सांगा. एका तासांत त्याला छापखाना समजतो, आणि कारागिराविषयीं आदरही वाटूं लागतो.

आतां मुख्य गोष्ट. प्रियोळकरांचा ग्रंथ होऊं शकला तो कोणीतरी कागद जपून ठेवले म्हणून. गोव्यास छापलेल्या पुस्तकांपैकीं आज उपलब्ध असलेलें सर्वांत जुनें पुस्तक १५६१ सालचें आहे, आणि तें आहे न्यू यॉर्कच्या ग्रंथालयांत. १५७८ च्या तमिळ पुस्तकाची प्रत हार्वर्ड विद्यापीठांत आहे. आमच्याकडचीं पानें गेलीं वाळवीच्या पोटांत. क्रिस्तपुराण तीन वेळां छापलें गेलें, १६१६, १६४९ आणि १६५४ सालीं. त्यांतली एकही छापील प्रत आज मिळत नाहीं. तरी तें पुराण टिकलें. कोणीं टिकविलें ? गांवोगांवच्या साध्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्याच्या हातानें नकला करून ठेवल्या होत्या; त्यांवरून तें १९०७ सालीं मंगळुरास पुन्हां छापतां आलें. गणपत कृष्णाजीचें नांव तरी आम्हांस कसें कळलें ? त्याच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांनीं, १८६३ सालीं निघालेल्या 'मुंबईचें वर्णन' ह्या पुस्तकांत गोविंद नारायण माडगांवकरांनीं त्याची हकीकत लिहून ठेवली म्हणून. त्यांनीं तीं चार पानें लिहिलीं नसतीं, तर ह्या भंडाऱ्याच्या पोराची कथा त्याच्याबरोबरच संपली असती.

आणि आपण काय करीत आहों ? १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं 'दीनबंधु' पत्र काढलें. १९१० पासून १९६७ पर्यंत मुकुंदराव पाटलांनीं 'दीनमित्र' चालविला, आणि तोही तरवडीसारख्या खेड्यांतून ! शहरांतले छापखाने बाजूस ठेवून खेड्यांत बसून साप्ताहिक काढणें म्हणजे काय, हें खेड्यांतल्या माणसासच कळेल. अशा पत्रांचे अंक, जलशांचीं छापील पदें, सभांचीं हस्तपत्रकें, जातिपरिषदांचे अहवाल, लग्नाच्या पत्रिका, शेतकरी संघाच्या पावत्या हीं गांवोगांव माळ्यावर, पेटाऱ्यांत, देव्हाऱ्याच्या फळीमागें पडलेलीं आहेत. दिवाळीची साफसफाई आली कीं किलोच्या भावानें तीं रद्दींत जातात. एका शाळेंत जुनीं हजेरीपत्रकें आणि पहिल्या पिढीच्या मुलांचीं क्रमिक पुस्तकें अशींच पोतीं भरून गेलेलीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. त्या हजेरीपत्रकांत गांवच्या पहिल्या शिकलेल्या मुलींचीं नांवें होतीं. रद्दीवाल्यानें त्यांचे किती रुपये दिले असतील ? जेवढे दिले असतील तेवढ्यांत गांवानें आपला इतिहास विकला.

कोणी म्हणेल, आतां सर्व मोबाईलवर आहे, कागद कशाला जपावा ? अहो, मोबाईलवर आज आलेला मजकूर परवां शोधला तर सांपडत नाहीं, आणि तो कोणीं, केव्हां, कोठें छापला याचा पत्ता त्यावर नसतो. छापील कागदाच्या तळाशीं छापखान्याचें नांव, मुद्रकाचें नांव आणि साल असतें. त्या एका ओळीवरून प्रियोळकरांसारखा मनुष्य शंभर वर्षांनीं सत्य काढूं शकतो. मोबाईलचा उपयोग करावा तो कागद जपण्यासाठीं करावा.

म्हणून वाचकहो, आमचें मागणें फार मोठें नाहीं. यासाठीं निधि नको, मंडळ नको, अध्यक्षही नको. प्रत्येक गांवच्या शिक्षकानें यंदाच्या सुट्टींत आपल्या मुलांस एक काम द्यावें : घरांत पन्नास वर्षांपूर्वींचा जो छापील कागद सांपडेल तो शाळेंत घेऊन यावा. त्यावर साल, गांव, छापखाना यांची एका वहींत नोंद करावी. पानांचीं छायाचित्रें मोबाईलवर घ्यावींत, एक प्रत तालुक्याच्या वाचनालयांत द्यावी, आणि मूळ कागद कोरड्या जागीं, निंबाचा पाला घालून, मालकाच्या घरीं परत ठेवावा. ज्यांच्या घरीं कोणी जुळारी, बाइंडर, छापखान्यांतला मजूर होऊन गेला असेल, त्या घरच्या म्हाताऱ्यांकडून त्याचें नांव, तो कोठें कामास होता, किती पगार होता, हें लिहून घ्यावें. लिहून घेण्यास आज उशीर केला तर उद्यां विचारावयास माणूस राहणार नाहीं.

प्रियोळकरांचा पुतळा उभारावा अशी मागणी करणारे पुष्कळ निघतील. त्यांना आमचा नमस्कार. पण त्यांनीं आयुष्यभर ज्या कागदांचा पाठलाग केला, तसे कागद आपल्या माळ्यावर आहेत तोंवर पुतळ्याची घाई नको. आधीं माळ्यावर चढा.